मृत्युदर उतरला तो कोणाचा?

हृदयशस्त्रक्रियेची आकडेवारी सांगताना आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा फक्त उतरता आलेख दाखवतो. तो खोटा नसतो. मे १९५३मध्ये फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले, तेव्हा २६ मिनिटे तिचे रक्ताभिसरण आणि श्वसन पूर्णपणे यंत्राने सांभाळले. ती बरी झाली. मात्र पुढचे रुग्ण दगावले आणि गिबन यांनी हे काम थांबवले. १९५५मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी यंत्रात सुधारणा करून पहिल्या आठ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतले चार वाचले. आज अनेक चांगल्या केंद्रांत ठरवून केलेल्या बायपासनंतर शंभरात एक-दोनच रुग्ण दगावतात. पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने हृदय थांबवून त्याच्या स्नायूंना जपण्याची पद्धत, सुधारलेली भूल आणि अतिदक्षता विभागातील पहारा या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण आहे, हे विचारल्याशिवाय मृत्युदराला अर्थ येत नाही. न्यूयॉर्क राज्याने १९८९पासून बायपासच्या रुग्णांची जोखमीसह नोंद सुरू केली. १९९२पर्यंत प्रत्यक्ष मृत्युदर ३.५२ टक्क्यांवरून २.७८ टक्क्यांवर आला. ही घट तशी माफकच. पण त्याच काळात रुग्णांचे वय, हृदयाची क्षमता आणि इतर आजार पाहता अपेक्षित असलेला मृत्युदर २.६२वरून ३.५४ टक्क्यांवर चढला होता. हा फरक जमेस धरून काढलेला दर ४.१७वरून २.४५ टक्क्यांवर आला. टीकाकारांनी मात्र दोन रास्त शंका घेतल्या: सर्जन अवघड रुग्ण टाळू लागले असतील, आणि सोबतचे आजार अर्जात अधिक काटेकोरपणे भरले जात असल्याने जोखीम केवळ कागदावर वाढली असेल. दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण त्यासाठी कोणी लबाडी करण्याचीही गरज नसते.

शिवाय रुग्णच दुसरीकडे जाऊ लागले. १९७७मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने धमनी रुंद केली आणि पुढे तुलनेने सोपे रुग्ण अँजिओप्लास्टीकडे वळले. २००२मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे अलाँ क्रिबिये यांनी छाती न उघडता कॅथेटरमधून, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीतून, महाधमनीची झडप बसवली. सुरुवातीला ही वाट शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठीच होती. सर्जनकडे येणारा रुग्णवर्ग असा दोन्ही टोकांनी बदलत गेला. मोजपट्टीही जुनी होते: हृदयशस्त्रक्रियेतील मृत्यूची जोखीम वर्तवणारे १९९९मधील युरोस्कोर हे गणित दशकभरात इतके जास्त मृत्यू वर्तवू लागले की त्याच्याशी तुलना केल्यावर सामान्य केंद्रही उत्तम दिसे, म्हणून त्याची नवी आवृत्ती काढावी लागली.

मोजणी कुठे थांबवायची, हाही प्रश्न आहेच. काही नोंदी रुग्णालयातील मृत्यूच मोजतात, काही तीस दिवसांतील. घरी सोडलेला रुग्ण दहाव्या दिवशी गेला, तर पहिल्या हिशेबात तो वाचलेला ठरतो. व्हेंटिलेटरवर राहून पस्तिसाव्या दिवशी गेलेला दुसऱ्या हिशेबात वाचलेलाच असतो.