हवेत काही बिघडलं तर हात कुठे असावेत?

श्रोतेहो, नमस्कार. आज मला पॅराग्लायडिंगबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही ज्या प्रश्नाला लोक बिचकतात त्याबद्दल: आकाशात असताना काही बिघडलं तर पायलटनं काय करायचं? तुमच्यापैकी काहींनी प्रशिक्षण घेतलं असेल, काही जण घेण्याच्या विचारात असतील, आणि काहींच्या घरातलं कुणीतरी सुट्टीच्या दिवशी पाठीवर भलीमोठी पिशवी टाकून डोंगराकडे निघत असेल. सगळ्यांनाच मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. हवेतलं लहान संकट मोठं होतं ते पुष्कळदा पायलटच्याच हातून. म्हणून हातांना आधीच शिकवून ठेवायला हवं.

पंख कसा उभा राहतो ते आधी बघू. पुढच्या कडेला असलेल्या काही बारीक प्लास्टिकच्या काड्या सोडल्या तर पॅराग्लायडरच्या पंखाला सांगाडाच नसतो. कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, आणि पुढच्या कडेला उघडी तोंडं. त्यातून हवा आत शिरते, दाब तयार होतो आणि त्या दाबावर पंख ताठ राहतो. आता उसळत्या, खळबळणाऱ्या हवेत वरून एखादा झोत आला, की पुढची कड खाली वाकून दुमडते. याला पायलट कोलॅप्स म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, आता संपलं. पण दाबानं उभा राहिलेला पंख दाबानंच पुन्हा भरतो. त्याला हवं असतं दोनच गोष्टींचं पाठबळ, वेग आणि उंची.

युरोपीय मानकानुसार पंखांची ए, बी, सी आणि डी अशी वर्गवारी होते. त्या चाचणीत अनुभवी पायलट पंख मुद्दाम दुमडतो आणि मग काहीही करत नाही. पंख किती वळला, किती पुढे झेपावला, किती वेळात सावरला, हे नोंदवलं जातं. ए वर्गाचा पंख अशा प्रसंगी बहुधा आपला आपणच सावरतो. नवशिक्यानं तोच घ्यावा, आणि एखाद्या मित्राचा सी वर्गाचा पंख स्वस्तात मिळतोय म्हणून मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या चाचणीतला पायलट शांत बसून असतो, हेही ध्यानात ठेवा. घाबरलेला माणूस शांत बसत नाही. पडतोय असं वाटलं की शरीर आखडतं, कोपरं पोटाशी येतात, मुठी घट्ट होतात, आणि त्या मुठींत ब्रेक असतात.

ब्रेक म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणाऱ्या दोऱ्या. थोडे ओढले की पंख हळू होतो, एक बाजू ओढली की त्या बाजूला वळतो. साध्या पंखाचा नेहमीचा वेग ताशी सदतीस-अडतीस किलोमीटरच्या आसपास असतो. तो ताशी बावीस-पंचवीसपर्यंत घसरला की पंखावरून वाहणारा प्रवाह तुटतो आणि पंख उडणंच थांबवतो. हा स्टॉल. म्हणजे भीतीनं दोन्ही हात खाली गेले, तर नुसता कोलॅप्स झालेला आणि दोन-चार सेकंदांत सुटला असता असा पंख आपण स्वतः स्टॉल करतो.

एका बाजूचा कोलॅप्स जरा सविस्तर सांगते, कारण तोच सगळ्यात जास्त वेळा भेटतो. समजा, उजवी बाजू दुमडली. हार्नेस, म्हणजे पायलटचं पट्ट्यांचं आसन, त्या बाजूला कलंडतो, पंख उजवीकडे वळू लागतो, आणि डोंगर उजवीकडेच असेल तर पंख तुम्हाला थेट त्याच्याकडे नेतो. पहिलं काम, दिशा. वजन डाव्या बाजूला टाका, जोरानं, कमरेपासून, आणि डाव्या ब्रेकवर वळण थांबेल इतकाच ताण द्या. तेवढाच. कारण आता अर्धाच पंख तुमचा भार वाहतोय, तो आधीच वेगात आहे आणि नेहमीपेक्षा कमी ब्रेकमध्ये स्टॉल होतो. डावी बाजू खूप ओढली तर ती मागे पडते, पंख स्वतःभोवती गरगरतो, दोऱ्यांना पीळ बसतो, आणि एका साध्या घटनेतून चार घटनांची साखळी सुरू होते. डोंगरापासून दूर, सरळ उडतोय याची खात्री झाली, की मगच उजव्या हाताकडे बघा. उजवा ब्रेक खोलवर ओढा, सोडा, पुन्हा ओढा, सोडा. लांब, सावकाश हिसके. घाईचे छोटे झटके पंख भरत नाहीत. बऱ्याचदा तर तुम्ही तिथवर पोहोचेपर्यंत पंख उघडलेलाही असतो.

पुढची सगळी कड एकदम दुमडली तर? हात वर. पंख मागे जातो, भरतो, पुन्हा पुढे झेपावतो. झेप मोठी असेल तर ती अडवायला क्षणभर ब्रेक द्यायचा आणि लगेच सोडायचा. स्पीड बार, म्हणजे वेग वाढवायला पायानं दाबायची दांडी, दाबलेला असेल तर कुठल्याही कोलॅप्समध्ये सगळ्यात आधी तो सोडा.

पूर्ण स्टॉलमध्ये मात्र ‘हात वर’ कधी, याला फार महत्त्व आहे. पंख तुमच्या मागे पडलेला असताना ब्रेक सोडले, तर तो प्रचंड वेगानं पुढे झेपावतो, कधी कधी पायलटच्याही खाली जातो, आणि माणूस आपल्याच पंखात पडू शकतो. पंख डोक्यावर येईपर्यंत धीर धरायचा आणि मग दोन्ही हात सारखेच, हळूहळू वर न्यायचे. हे रेडिओवर ऐकून येत नाही. पुस्तक वाचूनही येत नाही. त्यासाठी जी प्रशिक्षणं असतात त्यांना एसआयव्ही म्हणतात. पाण्यावर पुरेशी उंची घेऊन, खाली बोट तयार, अंगात लाइफ जॅकेट, कानात प्रशिक्षकाचा आवाज, आणि पायलट एकेक संकट मुद्दाम ओढवून घेतो. डोक्याला माहीत असलेली गोष्ट हातांना तिथे कळते. स्वतंत्रपणे थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेत, उडायला लागलेल्या प्रत्येक पायलटनं नवा पंख घेण्याआधी पैसे या प्रशिक्षणावर खर्च करावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता स्पायरल. पंख खोल वळणात शिरला की नाक जमिनीकडे होतं आणि उंची सेकंदाला पंधरा मीटर किंवा त्याहूनही वेगानं उतरू लागते. हिशोब करा, तीनशे मीटर वीस सेकंदांत संपतात. शरीरावर तिप्पट, चौपट वजनाचा दाब येतो, रक्त डोक्यातून खाली सरकतं, दृष्टी बाजूंनी काळवंडत जाते. काही पंख ब्रेक सोडल्यावरही त्या वळणातून आपणहून बाहेर येत नाहीत. वजन बाहेरच्या बाजूला टाकायचं, बाहेरचा ब्रेक टप्प्याटप्प्यानं ओढायचा, आणि वळण सैल व्हायला लागलं की एकदम सोडायचं नाही, नाहीतर साठलेला सगळा वेग पंखाला वर फेकतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि पंख ऐकत नसेल, तर शुद्ध आहे तोवर राखीव पॅराशूट फेका.

राखीव पॅराशूट, म्हणजे रिझर्व्ह, याविषयी मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. ते पाठीवर किंवा मांडीशी असतं, आणि माणसं ते वापरत नाहीत. अजून एक प्रयत्न करून बघू, अजून एकदा ओढून बघू, असं म्हणता म्हणता उंची निघून जाते. म्हणून हा निर्णय हवेत घ्यायचाच नाही. टेक-ऑफच्या आधी जमिनीवर उभं राहून घ्यायचा. पंखाचं टोक दोऱ्यांत अडकलं, पंख वळतच चालला आणि वळण वेग घेतंय, तर फेकायचं. जमीन जवळ आहे आणि पंख आपल्या ताब्यात नाही, तर सावरण्याच्या भानगडीत न पडता फेकायचं. खूप खाली आहोत, आता काय उपयोग, हा विचारही चुकीचा. रिझर्व्ह दोन-तीन सेकंदांत उघडू शकतं, आणि अर्धवट उघडलेलं रिझर्व्हही पडण्याचा जोर कमी करतं.

फेकण्याचा क्रम असा. हँडलकडे बघा. पकडा. ओढून पिशवी बाहेर काढा. मग जिथे मोकळी हवा दिसते तिकडे, पंखापासून दूर, जोर लावून भिरकावा आणि हँडल हातातून सोडा. घाबरलेली मूठ ते धरून ठेवते, म्हणून सोडा हेही मुद्दाम सांगावं लागतं. उघडल्यावर काम संपत नाही. मुख्य पंख अजून हवेत जिवंत असतो आणि रिझर्व्हच्या विरुद्ध दिशेला खेचत राहतो. दोन्ही एकमेकांपासून दूर ताणले गेले तर खाली येण्याचा वेग वाढतो. मागचे रायझर, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, किंवा हाताला लागतील त्या दोऱ्या ओढून पंख गोळा करा, कुशीत घ्या. मग बसलेल्या स्थितीतून हार्नेसमध्येच उभे व्हा, पाय जुळवा, गुडघे किंचित वाकवा, आणि जमिनीला लागताच अंग एका कुशीवर लोळू द्या. युरोपीय मानकानुसार रिझर्व्हचा उतरण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या आत असावा लागतो. दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यावर पाय जितक्या वेगानं टेकतात, तितका तो वेग. बसलेल्या स्थितीत आपटलात तर हाच धक्का कण्याला बसतो.

प्रत्येक उड्डाणात, शांत हवेत, एकदा ब्रेक न ओढता हात खाली नेऊन, न बघता हँडल शोधा. आणि निर्मात्यानं सांगितलेल्या मुदतीत रिझर्व्ह उलगडून, हवा देऊन, पुन्हा घडी घालून घ्या. अनेक निर्माते सहा महिने किंवा वर्षाची मुदत देतात.

ढगांविषयी थोडं. थर्मलमध्ये वर चढताना ढगाचा तळ जवळ आला की चढण्याचा आनंद थांबवायला शिकावं लागतं. 2007 साली फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे स्पर्धेच्या तयारीत असलेली जर्मन पायलट एव्हा विश्निएर्स्का हिला वादळी ढगानं जवळजवळ 9,946 मीटर उंचीवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, ओढून नेलं. ती बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ साचलं, आणि तरीही ती जिवंत उतरली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. तिच्या वाचण्यावरून कुणी धीर बांधू नये, कारण त्या ढगात पायलटच्या हातात काहीच उरत नाही. पंखाची दोन्ही टोकं दुमडून, म्हणजे बिग इअर्स लावून, स्पीड बारसह उतरलं तरी साधारण सेकंदाला तीन ते पाच मीटरच खाली येता येतं. वर ओढणारी हवा त्याहून जोरात असेल तर तुम्ही टोकं दुमडूनही वरच जाता. म्हणून ढग गडद आणि उंच होताना दिसला की त्याच्या कडेकडे, उजेडाकडे निघायचं, आणि लवकर निघायचं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. ब्रेकची दोरी तुटली किंवा अडकली तर मागच्या रायझरनी वळता येतं आणि उतरताही येतं, फक्त ते अगदी बेतानं ओढायचे, कारण त्यांच्यावर स्टॉल पटकन होतो. झाडावर उतरणं अटळ असेल तर झाडाच्या मधोमध जा, पाय जुळवा, तोंड हातांनी झाका, आणि अडकल्यावर स्वतःला फांदीला बांधून मदतीची वाट बघा. उतरायच्या घाईत होणारी पडझड त्या उतरण्यापेक्षा वाईट असते. पाण्यावर उतरताना बकल आधी सैल करा, पण पाण्याला लागेपर्यंत हार्नेस सोडू नका, कारण पाण्यावर उंचीचा अंदाज फसतो. पाठीखालचं फोमचं संरक्षण तरंगतं आणि तोंड पाण्यात दाबतं, म्हणून लगेच बाहेर पडा आणि दोऱ्यांपासून दूर पोहा. विजेच्या तारांत कुणी अडकलं तर जमिनीवरच्या माणसांनी त्याला, त्याच्या पंखाला किंवा दोऱ्यांना हात लावायचा नाही. वीज बंद झाल्याचं वीज कंपनीच्या माणसाकडून कळेपर्यंत लांबच थांबायचं, अडकलेला माणूस कितीही विनवत असला तरी.

आणि रिझर्व्हवर किंवा जोरात उतरलेला माणूस लगेच उठून चालू लागला, तर त्याला चालू देऊ नका. धक्क्यानंतर सुरुवातीला पुष्कळदा दुखणं जाणवत नाही. त्याला आडवं राहू द्या, मान आणि पाठ हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, आणि डॉक्टरांनी कणा तपासेपर्यंत सोबत राहा. त्याचा पंख तपासनीसाच्या हाताखालून गेल्याशिवाय पुन्हा हवेत न्यायचा नाही. नमस्कार.