झाडीपट्टीचं नाटक व्हीआरमध्ये लाइव्ह दाखवायचं, तर डेटा किती लागेल?

राम राम मंडळी, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतून. मागं हातोडे वाजतायत ना, ते स्टेजचं काम चालू आहे. धान कापून झालं, बांधी मोकळी झाली, आज रात्री दहाला इथंच नाटक उभं राहणार ते उजाडेपर्यंत. नाटक कंपन्यांचं गाव वडसा नदीपलीकडंच, त्यामुळं कंपनी कुठून आली ते विचारू नका. ट्रायपॉड धुऱ्यावर ठेवलाय, हलला तर समजून घ्या.

मागच्या वर्षी गावातल्याच एका मित्रानं मला विचारलं. तो पुण्यात असतो, मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, सुट्टी मिळाली नव्हती. म्हणाला, "ते डोळ्याला लावायचं डबडं राहते ना, त्यात नाटक लाइव्ह दाखवशील का? पहिल्या रांगेत बसल्यासारखं?" डबडं म्हणजे व्हीआरचा हेडसेट, मान वळवाल तिकडचं चित्र दाखवणारा. मी म्हटलं, हओ, त्यात काय! मग घरी येऊन गणित मांडलं.

ऐका. फोर-के व्हिडिओ म्हणजे आडवे ३,८४० ठिपके. टीव्हीवर ते सगळे समोर असतात. ३६० अंशांच्या व्हिडिओत तेच ठिपके तुमच्याभोवती गोल पसरतात आणि हेडसेटमधून एका वेळी दिसतो साधारण ९० अंशांचा तुकडा. म्हणजे वाट्याला आले ९६०. नाव फोर-के, दिसणं जुन्या यूट्यूबसारखं. एका अंशाला जेमतेम ११ ठिपके, आणि चांगल्या नजरेला लागतात ६०च्या आसपास. म्हणून नायिकेचा चेहरा धुवून काढल्यासारखा दिसतो.

आणि डेटा? २५ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिटचा प्रवाह धरा. दिवसाचा दीड जीबीचा पॅक आठ मिनिटांत साफ. नांदी संपायच्या आत! सहा तासांचं नाटक म्हणजे ६७ जीबी.

हेच दुखणं घेऊन अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एक स्टार्टअप उभी राहिली होती. नेक्स्टव्हीआर. सुरुवात २००९ची, तेव्हा नाव होतं नेक्स्टथ्रीडी. थ्रीडी टीव्हीचा व्हिडिओ दाबून लहान कसा करायचा, हा त्यांचा धंदा. थ्रीडी टीव्ही काही चालला नाही, पण दाबायची विद्या हातात राहिली, ती त्यांनी व्हीआरला लावली. २७ ऑक्टोबर २०१५ला एनबीएचा बास्केटबॉल सामना, वॉरियर्स विरुद्ध पेलिकन्स, त्यांनी व्हीआरमध्ये लाइव्ह दाखवला. कॅमेरा थेट कोर्टाच्या कडेला. घरी बसून महागड्या तिकिटाची जागा!

आता कामाची गोष्ट. या धंद्यातली खरी हुशारी कॅमेऱ्यात कमी आणि 'काय पाठवायचं नाही' हे ठरवण्यात जास्त आहे. तुम्ही समोर बघताय, तर पाठीमागचं चित्र कडक कशाला पाठवायचं? समोरचं भारी, बाकीचं हलकं. मग कोणी विचारेल, मागचं पाठवूच नका ना, मान वळवली की पाठवा. तसं जमत नाही. मान वळल्यावर २० मिलिसेकंदांच्या आसपास चित्र बदललं नाही, तर डोकं गरगरतं. तेवढ्यात सर्व्हरकडून काही येत नाही, आमच्या टॉवरवरून तर नाहीच. म्हणून धूसर का होईना, मागचं चित्र फोनमध्ये आधीच हजर ठेवावं लागतं.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे मागची बाजूच कापून टाका. १८० अंश. गुगलनं २०१७ला व्हीआर१८० आणलं ते हेच. ॲपलचा इमर्सिव्ह व्हिडिओही १८० अंशांचाच. वाचलेल्या जागेत दोन डोळ्यांची दोन चित्रं बसतात. ठिपके तेवढेच, डेटा तेवढाच, वर खोली फुकट. स्टेज समोरच असतं, त्यामुळं नाटकाला हे फिट बसतं, असं मला वाटलं होतं. थांबा, त्याच्यावर येतो.

नेक्स्टव्हीआरचं पुढं काय झालं? पैसा दहा कोटी डॉलरच्या वर उभा केला होता. पण बघणारे वाढले नाहीत. घरात चार माणसं सामना बघतायत आणि एकानं डोळे झाकून घ्यायचे, हे कोणाला आवडणार? शेवटी २०२०मध्ये ॲपलनं कंपनी घेतली आणि त्यांचं ॲप बंद झालं. आपल्याकडं २०२३च्या आयपीएलला १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह आला, फोन आत सरकवायचा डबा. म्हणजे डबा आता आवाक्यात आहे.

तर मी काय केलं? उसना १८०चा कॅमेरा आणून गेल्या हंगामात एक अंक रेकॉर्ड केला. लाइव्ह नाही, नुसता रेकॉर्ड. दुसऱ्या दिवशी फोन डब्यात घालून मोठ्या आईला दाखवला. तिचे गुडघे गेलेत, नाटकाला येणं बंद झालंय. ऑर्गन वाजला तशी मांडीवर बोटं चालू झाली. खलनायक आला तर त्याला शिवी पण दिली. फोन तापला, ब्राइटनेस आपोआप खाली गेला, तरी तिची तक्रार नाही. मग विनोदी पात्रानं काहीतरी फेकलं, हशा झाला, आणि तिनं सवयीनं मान मागं वळवली. मागं काळं.

"पोरा," ती म्हणाली, "मांगचे लोकं कुठी गेले?"

मी कपाळाला हात लावला. बास्केटबॉलला चालेल हो. पण इथं अर्धी मजा मागं असते. शिट्टी कोणी मारली, वन्समोअर कोणी मागितला, कोणाचं पोरगं रडलं, हे बघायला माणूस वळतोच. आणि मी हुशारी करून तेच कापलं होतं.

चित्र परत ३६० करणं परवडत नाही. पण आवाज स्वस्त आहे. दिशा कळणारा चार चॅनलचा आवाज अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास बसतो, २५च्या पुढं ती चिल्लर. मान वळवली तर शिट्टी बरोबर त्या बाजूनं येते. मागच्या काळ्या जागी प्रेक्षकांचा एकच स्थिर फोटो लावला, की डेटाही जवळपास वाढत नाही.

(हातातला माइक दाखवत) हा बघा, हा त्यासाठीच. एकाच मुंडक्यात चार माइक. तिसऱ्या रांगेत, बासाच्या खांबाला बांधणार आहे, पहिल्या रांगेत नाही, तिथं ऑर्गन सगळ्यांना खाऊन टाकतो. फोटो दहाच्या आधी काढावा लागेल, लोक बसले की. चला, तिकडं वायरवाला हाका मारून राहिला...