गाडी आहे, पण कुठपर्यंत?

नमस्कार मंडळी. ऐकताय ना? हातातलं काम चालू राहू द्या, भाजी परतत असाल तर परता, पण कान इकडं ठेवा, आज एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, एकदा कुकरच्या शिट्टीत गेली तर दुसऱ्यांदा सापडेल.

विषय आहे रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ काही वेळ बंद ठेवणं. पेपरमध्ये येतं बघा, "तांत्रिक कामामुळे अमुक गाडी रद्द, तमुक गाडी अंशतः रद्द." हे "अंशतः" वाचून आपण पान उलटतो. अंशतः म्हणजे काय हो? कोण बोलतं असं घरात? भाकरी अंशतः खाल्ली म्हणतं का कुणी? पण गोम सगळी त्या एका शब्दात आहे. अंशतः रद्द म्हणजे गाडी सुटणार, तुम्ही तिच्यात बसणार, पण ती मधेच एखाद्या स्टेशनात संपणार आणि तिथूनच माघारी फिरणार. म्हणून माझं सांगणं एवढंच, गाडी आहे का असं विचारू नका. गाडी कुठपर्यंत आहे ते विचारा. कुठपर्यंत?

आता मुंबईवाल्यांना ब्लॉकचं कौतुक नाही, दर रविवारी त्यांचा मेगाब्लॉक ठरलेला, स्लो लाईन बंद केली तर लोकल फास्ट लाईनवर घेतात, वीस मिनिटं उशीर होतो आणि त्याच्यावरच ते दिवसभर कुरकुरतात. आपल्याकडं मराठवाड्यात तसं नाही. मुदखेडपासून परभणीपर्यंतचे साधारण 81 किलोमीटर दुहेरी झालेत, पण परभणीच्या पुढं सेलू, परतूर, जालना, संभाजीनगर हा सगळा पट्टा कैक वर्षं एकाच रुळावर चाललाय. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमाराला, मीटरगेज आलं, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, रूळ रुंद झाला पण एकाचे दोन काही झाले नाहीत. शेतात जायला एकच पांदण असल्यावर कसं होतं, समोरून बैलगाडी आली की आपण बाजूला. आणि पांदणच खोदायला काढली तर? तर मग दोघंही जागेवर.

आता 31 जुलै 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला मंजुरी दिली, 177 किलोमीटर. मनमाडकडून अंकाई ते संभाजीनगर दुहेरीचं काम आधीच हाती घेतलेलं. चांगलंच आहे, आपणच मागत होतो. पण याचा अर्थ काय तर ब्लॉक वाढणार. नवा रूळ जुन्याला जोडायचा म्हणजे प्रत्येक स्टेशनचं यार्ड बदलणार, सिग्नल बदलणार, त्याला ते नॉन इंटरलॉकिंगचं काम म्हणतात, त्या दिवसांत सिग्नलची नेहमीची यंत्रणा बंद ठेवून सगळं हातानं चालवावं लागतं, म्हणून एकदम ढीगभर गाड्या रद्द होतात. वर आता विजेची तार पण आलीय, तिची देखभाल वेगळी. वंदे भारत तिच्यावरच धावते, जालन्यातून 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली, पुढं नांदेडपर्यंत नेली, दिसायला देखणी आहे यात वाद नाही, पण पोटूळ, कोडी असल्या बारक्या स्टेशनात उभा राहणारा माणूस तिच्याकडं बघून फक्त हात हलवू शकतो. डेमूचे, म्हणजे त्या डिझेलवरच्या लोकलचे, दोन डबे वाढवले असते तर... जाऊ द्या, तो विषय आजचा नाही.

आजचा विषय माझ्या भाच्याचा साखरपुडा.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. मुलगी परभणीची. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, तिथं सोयरीक जुळली म्हणल्यावर आम्ही जालन्याचे लोक जरा जास्तच तयारीत होतो. दुपारी एकला कुंकू लावायचं ठरलं होतं. जीप करायची का रेल्वेनं जायचं यावर घरात दोन दिवस चर्चा, शेवटी मीच म्हणलं, जीपवाला कशाला, सकाळची पॅसेंजर आहे ना, आरामात साडेदहा-अकराला उतरू. आदल्या दिवशी मुद्दाम स्टेशनवर गेलो, चौकशीच्या खिडकीत विचारलं, "उद्या सकाळची परभणीकडची गाडी आहे ना?" आतला माणूस म्हणाला, "आहे."

खोटं बोलला का तो? नाही. गाडी होतीच.

आम्ही नऊजण. मी, बायको, ताई, दाजी, दोन मावश्या, एक मेहुणा, खुद्द नवरदेव आणि आमची आत्या, जिला सगळे आक्का म्हणतात. आक्का तेव्हा सत्तरीला टेकलेली, नऊवारीत, कडेला पेढ्यांचे दोन मोठे पुडे आणि मांडीवर धपाट्यांचा डबा. धपाट्यात काही लोक वाळूक किसून घालतात, पावसाळ्यात ठीक आहे, पण प्रवासाला नेताना घालू नये, आंबतात, हे माझं मत आहे आणि आक्काचंही होतं.

तर परभणी अजून चार-पाच स्टेशनं लांब असताना गाडी एका बारक्या स्टेशनात थांबली. नाव सांगत नाही. थांबली ती थांबलीच. आधी वाटलं क्रॉसिंग असेल, समोरची गाडी जाऊ द्यायची असेल. मग लोक बोचकी घेऊन उतरायला लागले. मी खिडकीतून विचारलं, काय झालं हो? तर एकजण म्हणाला, "झालं काय, आलं की. ही गाडी हितपर्यंतच हाय. पुढं ब्लॉक हाय, पेपरात नव्हतं का वाचलं?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. दाजींनी बघितलं. नवरदेवानं तर असं बघितलं की ते मला आजही आठवतं.

स्टेशन म्हणजे काय, एक खोली, एक हापसा, एक लिंबाचं झाड आणि चहूबाजूला काढलेल्या हरभऱ्याची रानं. गाव दोन किलोमीटरवर, मोठा रस्ता त्याच्याही पुढं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, लाईन अडीचनंतर मिळेल, पण तुमची गाडी तर आता परत जालन्याला जायची. म्हणजे आम्ही त्याच गाडीत बसून घरी जाऊ शकत होतो, पण सोयरिकीला नाही.

फोनवर फोन. मुलीकडचे मामा लै गरम झाले. "आमच्याकडं दोनशे माणसं बसलीत, गुरुजी बसलेत, आणि तुम्ही म्हणता गाडी संपली? गाडी कशी संपती?" मी गप्प. मग आक्कानं माझ्या हातातून फोन घेतला, उलटा धरला, मी सरळ करून दिला, आणि म्हणाली, "हे बगा, फुडं रूळ उचलून ठिवलाय. आमी काय उडून यावं का? पंगत उठवून घ्या, आमी येतोत." आणि फोन मला परत. मामा तिकडं अजून बोलतच होते.

त्या लिंबाखाली रेल्वेच्या गँगची माणसं जेवायला बसलेली. कोरडी भाकरी, कांदा, मिरची. पहाटेपासून कामावर. आक्का सरळ जाऊन त्यांच्यात बसली आणि डबा उघडला. धपाटे वाटून झाले, वर दही. मुकादम आधी नको नको म्हणाला, मग तीन खाल्ले. आणि मग आक्कानं त्याला विचारलं, "का रे बाबा, चांगला रूळ होता, कशाला उकरू लागलाव?"

मुकादमानं आम्हाला लाईनच्या कडेला नेऊन लांबून दाखवलं. पिवळं मशीन, डब्याएवढं लांब, त्याला खाली लोखंडी दात. ते दात स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीच्या, दोन्ही बाजूनं खडीत घुसायचे, थरथरायचे आणि खडी स्लीपरच्या खाली दाबायचे. मग मशीन पुढच्या स्लीपरवर. पायाखालची जमीन पण हलायची, माझ्या बुटातून जाणवत होतं. मुकादम म्हणाला, आपली ही काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भराव खाली-वर होतो, चिखल खालून खडीत चढतो, मग खडी दगडासारखी घट्ट होते, पाणी निचरत नाही, गाडी गेली की स्लीपरखालून चिखलाची पिचकारी उडते. म्हणून खडी चाळायची, परत भरायची, परत दाबायची. आणि हे ऊन तापायच्या आत, कारण रूळ उन्हानं वाढतो. मी नंतर गणित करून बघितलं, किलोमीटरभर लांबीचा मोकळा रूळ 40 अंशाच्या फरकानं जवळजवळ दीड फूट वाढेल. वाढू पाहणाऱ्या त्या रुळाला जागेवर धरून ठेवते ती ही खडीच. ती ढिली आणि वरून ऊन, म्हणजे रूळ वाकडा व्हायची भीती.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी गादी पिंजून घेणं झालं की हे. कापसाचे गोळे झाले की पिंजारी बलवायचा. त्या राती खाली झोपायचं." मुकादम हसला, म्हणाला, आमच्या साहेबाला पण असं सांगता येत नाही आजी. आणि काम झाल्यावरही गाड्या पहिल्यांदा हळू सोडतात हे त्यानंच सांगितलं, 20-30 च्या स्पीडनं, खडी बसेपर्यंत. त्यामुळं ब्लॉक संपला म्हणून गाड्या लगेच टायमावर येतील असं धरून चालू नका. परत सांगतो, ब्लॉक संपला तरी पुढं काही दिवस गाडी त्या पट्ट्यात हळूच जाते.

त्यानंच आमची सोय पण लावली. गावातला एक टेम्पो हरभऱ्याची पोती घेऊन परभणीच्या मोंढ्यात चालला होता, त्याला आवाज दिला. नवरदेव, मावश्या, जरीच्या साड्या, सगळे पोत्यांवर. निघताना आक्कानं पेढ्याचा एक पुडा सोडला आणि गँगमधल्या प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन पेढे ठेवले. ताई म्हणत होती, अगं आक्का, ते मुलीकडचे. आक्का ऐकेल तर ना.

सव्वाचारला पोचलो. गुरुजी जेवून, झोपून, उठून बसले होते. नवरदेवाच्या कोटाला हरभऱ्याचं भुसकट. कुंकू लागलं, सुपारी फुटली आणि मग मुलीच्या काकूनं पुडा उघडून बघितला, दुसरा कुठंय म्हणून. आमच्याकडं शांतता. आक्का म्हणाली, "एक वाटंत दिला. ज्यांच्या हातानं रूळ बसतो त्यांचं तोंड आधी गोड केलं. तुमच्या लेकीला त्याच रुळावरून माह्यारी यायचंय." मामा, तेच फोनवरचे मामा, पहिल्यांदा हसले. नंतर त्यांनीच चहा सांगितला, कपबशीतला. आता तो कपबशीचा चहा स्टेशनवर पण राहिला नाही, कागदी कपात दोन घोट देतात आणि दहा रुपये घेतात, असो.

वेळ संपत आली, कामाचं पटकन सांगतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी रेल्वेच्या चौकशीच्या 139 नंबरला फोन करा, नाहीतर पोराला म्हणा मोबाईलवर गाडी बघ, आणि गाडीचा नंबर घेऊन बघ, नावानं नको. विचारताना काय विचारायचं? गाडी कुठपर्यंत. येतानाची गाडी पण विचारा, जी गाडी मधेच संपते ती परत पण मधूनच निघते, हे लोक हमखास विसरतात. गाडी पूर्ण रद्द झाली आणि तिकीट ऑनलाईनचं असेल तर पैसे आपोआप परत येतात, खिडकीवरचं तिकीट असेल तर खिडकीवरच जावं लागतं, ते चोळामोळा करून खिशात ठेवू नका. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल, तर गाडी सुटायच्या आधी तिकीट परत करायचं, सगळे पैसे मिळतात. गाडी सुटायच्या आधी, हं. नंतर नाही.

आणि हो, पेपरातली ती सूचना. आली होती, चार दिवस आधीच आली होती. साखरपुड्यावरून रात्री घरी आलो तर गच्चीवर बायकोचं वाळवण तसंच, जुन्या साडीवर जागा पुरली नाही म्हणून कडेला पेपर अंथरून त्याच्यावर कुरडया घातलेल्या. एक कुरडई उचलली, खाली छापलेलं, पॅसेंजर गाडी अमुक ते तमुक दरम्यान... आणि पुढचा शब्द कुरडईला चिकटून आला होता. उलटा वाचला. अंशतः.