माऊस कोणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

२०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोणमधली मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून बसत होती, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. तेव्हापासून शाळा आणि तंत्रज्ञान म्हटलं की आपण टॉवर आणि टॅबचाच हिशेब मांडतो. मांडायलाच हवा. पण साधनं वाटण्यात गोवा कधी मागे नव्हता. अकरावीच्या मुलांना संगणक देणारी सायबरएज योजना मनोहर पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री होते तेव्हाची. मला बोलायचंय ते त्या पुढचं, वर्गातलं.

संगणक कक्षात एकेका यंत्रापुढे तीन-चार मुलं. मधल्या खुर्चीवर कोण? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो. त्याचा हात सवयीनेच माऊसवर जातो. शेजारची मुलगी मान वाकडी करून पडद्याकडे बघते आणि वहीत 'फाईल, सेव्ह' लिहून घेते. तास संपतो. हजेरी चौघांची, हात चालला एकाचा. बाईंना नावं ठेवू नका. अर्धा तास पासवर्ड आणि बंद पडलेलं यंत्र यांतच जातो, आणि पावसाळ्यात लाईट गेली की उरलेलाही गेला.

यावर उपाय फुकटचा आहे. दर दहा मिनिटांनी खुर्ची बदलायची, आणि ज्याला येतं त्याने हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगायचं. तयार मुलांना ही शिक्षा वाटते. वाटू दे! तोंडाने सांगायची वेळ आली की त्यांनाही किती येतं ते कळतं.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतं आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जातं. ते संगणकाला बिचकत नाही, स्पेलिंगला बिचकतं. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये असतोच, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा एवढंच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'म्हापसा' लिहिताना आधी म, मग हलन्त, मग ह, हे एकदा बोटांना कळलं की मूल गावातल्या सगळ्यांची नावं लिहीत सुटतं.

दृष्टिहीन मुलांसाठी पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते मराठीही वाचतं. पणजीत २०२३ च्या जानेवारीत दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट झाला, आपण कौतुकाने गेलो. आता आपल्या गावच्या शाळेतल्या एका तरी यंत्रावर एनव्हीडीए आहे का, सोबत हेडफोन आहे का, हे बघून या.

आणि शिक्षकांना एक विनंती. संध्याकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ टाकून 'उद्या आणा' म्हणू नका. पुष्कळ घरांत फोन एकच. तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि शेवटच्या बसने घरी येतो. निदान दोन दिवसांची मुदत द्या, नाहीतर फळ्यावर लिहा.

पालकहो, पालक-शिक्षक संघाच्या सभेत शाळेत संगणक किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, आठवड्यात माझ्या मुलाच्या हातात माऊस किती मिनिटं येतो? उत्तर आलं नाही, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा.

नमस्कार.