सक्तीचं शिक्षण म्हणजे सक्ती नक्की कुणावर?

नमस्कार मंडळी. मागच्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, व्हिडिओखाली निम्म्या लोकांनी विचारलंय, लॉटरीत नंबर लागेल का? ते माझ्या हातात नाही हो! आणि त्या मूळ कायद्यात ३८ कलमं होती, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांची लॉटरी हा त्यातला एक तुकडा आहे. उरलेल्या निम्म्यांचा प्रश्न मात्र भारी आहे. "शिक्षण सक्तीचं आहे ना, मग पोरांना शाळेत न घालणाऱ्या आईबापांना दंड का होत नाही?"

आधी पटकन उजळणी. १८३५ इंग्रज अधिकारी मेकॉलेचं शिक्षणावरचं टिपण, १८५४ वुडचा खलिता म्हणजे कंपनी सरकारचं शिक्षणधोरण, १८५७ मुंबई-मद्रास-कलकत्ता विद्यापीठं. हे दहावीत पाठ केलंय सगळ्यांनी, पुढे जाऊ.

नाही, एक मिनिट. मेकॉले. प्रत्येक व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच, "आपल्या शाळा मेकॉलेने बिघडवल्या." अहो, त्याच्या टिपणात गावातल्या शाळेचा विषयच नाही! भांडण होतं सरकारी पैसा संस्कृत-अरबीवर घालायचा की इंग्रजीवर. सगळ्या जनतेला शिकवणं आपल्या तुटपुंज्या साधनांत अशक्य आहे, असं तो स्वतःच लिहून मोकळा झालाय. त्याला शिव्या घाला, पण निदान त्याने जे केलं त्याबद्दल घाला.

सगळ्यांना शिकवा, आणि सक्तीने शिकवा, हे सरकारला ठणकावून कोण सांगतं? जोतीराव फुले. १८८२, इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं, म्हणजे हंटर आयोगापुढचं निवेदन. शेतसारा भरतो शेतकरी आणि शाळा-कॉलेजं वरच्यांच्या पोरांसाठी, हे कसं? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. इंग्रज सरकारने ते काही केलं नाही. केलं संस्थानिकांनी. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी तेच केलं. पोर शाळेत नाही? बापाला महिन्याला १ रुपया दंड.

म्हणजे तेव्हा सक्ती होती आईबापांवर. हे डोक्यात ठेवा, सगळी गोम इथेच आहे.

मधल्या काळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये देशाच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. किती नरम होतं सांगू? ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटेल, तिथेच सक्ती, तीही आधी सरकारची परवानगी घेऊन. तरी १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. मग विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा करून घेतला. त्यातही भाषा तीच, नगरपालिका सक्ती "करू शकेल". तुम्हीच सांगा, "करू शकेल" म्हटल्यावर कोण करतं?

आता गंमत बघा, मी नुसती क्रियापदं सांगतो. १९१८, "करू शकेल". १९५०, राज्यघटना, कलम ४५, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा राज्य "प्रयत्न करील". दहा वर्षं म्हणजे १९६०. प्रयत्न चालूच राहिले! आणि हे मार्गदर्शक तत्त्व, त्यामुळे कोर्टात जायचीही सोय नाही. २००२, ८६वी घटनादुरुस्ती, कलम २१-क, राज्य शिक्षण "देईल". एवढ्या एका क्रियापदाला ५२ वर्षं लागली.

अजून डोक्यात बसत नसेल तर माझ्या आजीची गोष्ट ऐका. गुरुजी पटनोंदणीला वाडीत आले की तिला कणगीमागे बसवायचे. धाकट्या भावाला कोण सांभाळणार? घरचे काय दुष्ट नव्हते, आई-बाप दोघंही दिवसभर दुसऱ्याच्या रानात. त्यांना रुपया दंड केला असता तर आजी शिकली असती का? कदाचित. पण शाळा होती पलीकडच्या गावात, ओढा ओलांडून. त्या ओढ्याचा दंड कुणाला करायचा?

आता उघडा आरटीईचं कलम ८. १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. "सक्तीचं शिक्षण" म्हणजे काय, तर सरकारवरचं बंधन. मोफत शिक्षण द्यायचं, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं हे सरकारने बघायचं. शिवाय कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. आईबापांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण दंड नाही. म्हणून होत नाही दंड. मिळालं उत्तर?

तेव्हा कमी पटाची शाळा बंद करायचं निघालं आणि "पालकच पोरं पाठवत नाहीत" असं कुणी म्हणालं, की कलम ८ पुढे ठेवायचं. पण नववी-दहावीसाठी ते चालणार नाही हां, हा कायदा सहा ते चौदा वयापुरताच आहे. हेही शंभरदा विचारून झालंय.

आजी शेवटी तिसरीपर्यंत शिकली. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख १ जून. गुरुजींनी अंदाजाने घातलेली. तुमच्या घरात १ जूनवाले किती आहेत, लिहा खाली. आमच्याकडे चार आहेत.