अट पुरी झाली, हे सांगणार कोण?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'अटीवरच्या पैशाच्या वचनांची ब्लॉकचेनवरची पेटंटं'. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेली, मागाहून खोडता न येणारी नोंदवही, नोंदींची साखळी. तिकडं येतोच. आधी उसाचं बोलू, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी असलं वचन खिशात ठेवून हंगाम काढलाय.

1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस कारखान्याला पोचला की 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्या. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. अट स्पष्ट, मुदतही स्पष्ट. आमचा ऊस डिसेंबरात गेला. टोळीनं फड रिकामा केला, मी ट्रॉलीमागोमाग काट्यापर्यंत गेलो. भरल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, वजाबाकी. पावती घडी घालून खिशात. बिल आलं पाडव्यानंतर. व्याजाचं विचारलं तर खिडकीतला पोरगा म्हणतो, "काका, पहिली उचल मिळाली न्हवं?" साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे थकबाकी वसुलीचा दाखला, काढतात, जिल्हाधिकारी वसुली करतात, सगळं खरं. पण सोसायटीच्या कर्जाची मुदत कुणासाठी थांबत नाही. हसू नका, तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी हीच पावती असेल.

मग कुणी म्हणेल, ब्लॉकचेनवर टाका की! वजन नोंदलं, चौदाव्या दिवशी पैसे आपोआप खात्यात. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण काट्यानं दोन क्विंटल कमी दाखवलं, तर प्रोग्रॅम तेवढेच कमी पैसे बिनचूक देईल. साखळीबाहेरची गोष्ट साखळीला कुणीतरी सांगावी लागते. खरी अडचण तिथं आहे, संशोधनही तिथंच व्हायला हवं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. आता पेटंटांकडं येतो, भरभर सांगतो.

मुदतीत गुपित आकडा उघड केला तर पैसे घेणाऱ्याला, नाहीतर देणाऱ्याला परत, ही रीत बिटकॉइनचे व्यवहार झटपट करणाऱ्या लाइटनिंग जाळ्याच्या 2016 च्या शोधनिबंधात खुली मांडलेली आहे. आणि माल सुखरूप पोचला तरच पैसे, ही आपली जोखमी हुंडी! 1881 च्या परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्यात वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) बिनशर्तच लागते, तरी व्यापाऱ्यांनी शर्तीची हुंडी चालवली. नुसता हाच व्यवहार संगणकावर चढवून कुणी मालकी सांगू लागला, तर ती देऊ नये. व्यवहार पुरा करणाऱ्या मध्यस्थाची जुनी कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून पेटंट मिळत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अ‍ॅलिस खटल्यात ठरवलं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(के) व्यवसायपद्धती आणि अल्गोरिदम बाहेरच ठेवतं. काट्याची नोंद फसवता येणार नाही असं नवं यंत्र कुणी बनवलं, तर त्याला मात्र 20 वर्षांचा हक्क जरूर द्या.

शेवटचं. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मंजूर होईपर्यंत कलम 25(1) खाली कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो. ज्यांच्या घरी गुळाच्या अडतीच्या जुन्या चोपड्या, हुंड्या असतील, त्यांनी रद्दीत घालू नका, ही रीत जुनीच आहे याचा तो पुरावा. फोटो काढा आणि खाली चहाला मला भेटा.