किल्ली दुसऱ्याच्या हातात

मित्रहो, 5 मार्च 2020 ला पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेम परिसरात कोरोनाचे पहिले सात रुग्ण सापडले. येशूच्या जन्मस्थानाचं चर्च त्याच दिवशी बंद झालं आणि राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास यांनी आणीबाणी जाहीर केली. आपल्याकडे टाळेबंदी लागायला अजून जवळजवळ तीन आठवडे होते. निर्णय वेळेवर झाला होता, यात शंका नाही. पण तो अमलात आणायचा तर रस्ते ताब्यात हवेत, आणि ते नव्हते.

1995 च्या इस्रायल-पॅलेस्टिनी करारानं पश्चिम किनाऱ्याचे, म्हणजे बेथलेहेम ज्यात आहे त्या वेस्ट बँकचे, अ, ब, क असे तुकडे पडले. क तुकडा सुमारे 60 टक्के, आणि तिथे सगळा अंमल इस्रायलचा. दोन गावांच्या मध्ये क भाग आला की पॅलेस्टिनी पोलिसांना पुढे जायला आधी इस्रायली सैन्याची परवानगी लागते. म्हणून अनेक गावांच्या वेशीवर गावातलीच पोरं उभी राहिली, येणारी-जाणारी वाहनं अडवत आणि फवारणी करत.

आता समजा, 2020 मधला, पश्चिम किनाऱ्यातल्या तुलकर्मजवळच्या खेड्यातला एक गवंडी आहे. इस्रायलमध्ये बांधकामावर जायचं तर त्याला परवाना लागतो. तिथले लोक त्याला ‘तस्रीह’ म्हणतात. त्या वेळी परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असे आणि दलाल त्यासाठी महिन्याला दोन हजार शेकेलच्या (इस्रायली चलन) आसपास उकळत. हा माणूस रात्री तीनला उठतो, डबा पिशवीत टाकतो आणि नाक्याच्या लोखंडी जाळीत हजारोंच्या गर्दीत उभा राहतो. पुढच्याची पाठ आपल्या छातीला टेकलेली असते. अंतर ठेवा, हे त्याला कुठे सांगणार?

मार्चच्या मध्यावर इस्रायलनं सांगितलं की कामावर यायचं असेल तर एक-दोन महिने तिकडेच राहा, रोजची ये-जा बंद. कामगार अर्धवट इमारतींत झोपले. इकडे तेव्हाचे पॅलेस्टिनी पंतप्रधान मोहम्मद श्तय्ये त्यांना परत बोलावत होते, कारण संसर्ग त्यांच्याबरोबर गावात शिरेल ही भीती होती. भीती खरी होती. पण घरी बसलं तर मजुरी जाते आणि तिकडे राहिलं तर घर दुरावतं. या दोन्हींतून एक निवडायला त्या गवंड्याला फार वेळ मिळाला नाही.

त्यातच परवान्यांची कार्यालयं बंद झाली. आपला परवाना अजून चालू आहे का, हे बघायला मोबाइलवर ‘अल-मुनसिक’ नावाचं अ‍ॅप घ्या, असं सांगण्यात आलं. त्याच्या अटींप्रमाणे फोनचं ठिकाण, साठवलेल्या फाइली, कॅमेरा, सगळं लष्करी प्रशासनाला खुलं होत होतं. इस्रायलमधल्याच मानवी हक्क संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साथीच्या काळात लोकांवर नजर ठेवली गेली ती जगभर, आपल्याकडेही. पण इथे अ‍ॅप नाकारणं म्हणजे चुलीवर पाणी ओतणं होतं.

गाझाची गोष्ट वेगळी. समुद्रकाठची ही दुसरी पॅलेस्टिनी पट्टी, 365 चौरस किलोमीटरमध्ये तेव्हा वीस लाख माणसं, 2007 पासून नाकेबंदी. बाहेरून येणाऱ्याला सीमेवरच 21 दिवस वेगळं ठेवत, त्यामुळे साथ महिनोन्‌महिने वस्तीत शिरली नाही. 24 ऑगस्ट 2020 ला ती मगाझी निर्वासित छावणीत सापडली. उपचारांच्या निमित्तानं पूर्व जेरुसलेमच्या मकासिद रुग्णालयात गेलेल्या एका बाईची तपासणी झाली आणि तिथून तिच्या घरच्यांचा माग लागला. लगेच संचारबंदी. नेमक्या त्याच दिवसांत इस्रायलनं इंधन रोखलेलं असल्यामुळे गाझाचं एकुलतं एक वीजकेंद्र बंद होतं आणि वीज दिवसाला जेमतेम चार तास येत होती. आता त्या वेळच्या गाझातल्या एखाद्या घरातलं बघा. नळाला पाणी आलं तरी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप लागतो. पाणी पहाटे आलं आणि वीज दुपारी आली, तर टाकी रिकामीच. नळाचं पाणी खारट, प्यायचं पाणी टँकरवाल्याकडून विकत. अशा घरातल्या आईला आपण सांगत होतो, वीस सेकंद हात धुवा.

मे 2020 मध्ये पश्चिम किनाऱ्याचा भाग आपल्यात सामील करून घेण्याच्या इस्रायलच्या बेताविरुद्ध अब्बास यांनी इस्रायलशी सगळा समन्वय तोडला. तो संताप मला समजतो. पण गाझातल्या कॅन्सरच्या रुग्णाचा बाहेर पडण्याचा अर्ज याच समन्वयातून जात असे, तो अडकला. नोव्हेंबरपर्यंत हे चाललं. त्याची किंमत नेत्यांनी नाही, रुग्णांनी मोजली, हे स्पष्ट बोललंच पाहिजे.

मग लस आली. इस्रायलमध्ये डिसेंबर 2020 मध्येच लसीकरण सुरू झालं. फेब्रुवारीत गाझाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी निघालेले स्पुटनिकचे पहिले डोस इस्रायलनं नाक्यावर थांबवले. ते पुढे सोडायचे की नाही, यावर त्यांच्या संसदेच्या समितीत चर्चा झाली. दोन दिवसांनी ते गेले.

आणि मार्च 2021 मध्ये इस्रायलनं परवानाधारक कामगारांना लस द्यायला सुरुवात केली, अगदी नाक्यांवरच. आपला गवंडी पहाटे रांगेत उभा राहिला, दंडावर मॉडर्ना घेऊन कामावर गेला. संध्याकाळी घरी आला तेव्हा अंगणात त्याची म्हातारी आई बसली होती. लस तिला आधी मिळायला हवी होती. तिच्याकडे तस्रीह नव्हता.